ताडाखालचं पीक

मरोळच्या गावठाणात इसिडोर मिस्किटाला कुणी रस्ता विचारू नये असं लोक म्हणायचे, कारण तो सांगेल तो रस्ता हमखास लांबचा निघायचा. बाजारातून घरी यायला औद्योगिक वसाहतीतून सरळ वाट होती आणि सगळं गाव तिथूनच ये-जा करायचं. इसिडोर मात्र देवळामागून वळसा घालून, नाल्याच्या कडेने चिखल तुडवत यायचा. देऊळ म्हणजे चर्च. मरोळच्या ख्रिस्ती मंडळींच्या तोंडी ते देऊळच. नवख्या माणसाला वाटे, म्हातारा चक्रम दिसतो. पण गावाला ठाऊक होतं की त्या सरळ वाटेवर ताडाचं एक झाड आहे आणि त्या झाडाखाली एके काळी इसिडोरचं भाताचं शेत होतं.

साठच्या दशकात सरकारी वसाहत आली आणि गावची भातशेती तिच्या पोटात गेली. शेत गेलं, ताड तेवढा राहिला. हात रिकामे ठेवून बसणं इसिडोरच्या रक्तात नव्हतं, म्हणून तो अंधेरीच्या एका फिल्म स्टुडिओत सुतार म्हणून लागला आणि पुढे सगळं आयुष्य खोटी घरं, खोटी देवळं, खोटी झाडं उभी करत राहिला. एकदा कुठल्याशा गाण्यासाठी त्याला चक्क भाताचं शेत बनवायला सांगितलं. रंगवलेल्या सुतळीच्या लोंब्या! पोटासाठी त्याने त्या बनवल्या, पण त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नाही.

शेत गेलं तेव्हा त्याची मुलगी ऑलिव्ह आईच्या कडेवर होती. ही गोष्ट तिची आहे. लहानपणापासून तिच्या नाकावर राग आणि डोक्यात प्रश्न, दोन्ही जरा जास्तच. तिच्या बरोबरीच्या पोरी टायपिंग शिकल्या, नर्स झाल्या, दोघी-तिघी गल्फला गेल्या. ही बाई रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. आता शिकलेल्या पोरीने नोकरी धरावी, ती मुंबईत कुठेही धरावी. हिला मिळाली ती नेमकी त्या ताडाखाली.

तिथे श्यामसुंदर नाबर यांचा लहानसा कारखाना उभा होता. सिलिकॉनच्या रबरापासून कुकरच्या रिंगा, इस्त्रीच्या वायरीची वेष्टणं, हॉस्पिटलात लागणाऱ्या नळ्या असं बरंच काही तिथे बनायचं. नोकरीची बातमी ऑलिव्हने घरी सांगितली तेव्हा इसिडोर रंधा मारत होता. त्याने रंधा खाली ठेवला.

"कंच्या गाळ्यान?" त्याने विचारलं.

"ताडाजवळच्या."

त्याने रंध्यातला भुसा झटकला. मग म्हणाला, "त्या जमिनीचा जीव गेला हाय, पोरी. मेल्या जमिनीतून काय पिकनार?"

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर ऑलिव्हने त्याला धुऊन काढला असता. बापासमोर तिच्या तोंडून एवढंच निघालं, "पिकवून दाखवीन." बोलून गेली आणि ते तिच्याच गळ्यात पडलं, कारण घरात एक ठसठसणारी गोष्ट होती आणि ती तिला लहानपणापासून दिसत होती. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी गावात आगेरा असतो, नव्या पिकाचा सण. ज्याच्या त्याच्या शेतातल्या पहिल्या लोंब्या सुपात घालून वाजतगाजत देवळात न्यायच्या आणि फादरकडून त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडून घ्यायचं. गावाची शेतं गेल्यावरही सण राहिला. उत्तनच्या, गोराईच्या पाहुण्यांकडून लोंब्या यायच्या. मिस्किटांच्या घरी उत्तनचा जॉनी, इसिडोरचा मावसभाऊ, दर वर्षी पेंडी आणून द्यायचा. पण सूप उचलायची ती ल्युसी, ऑलिव्हची आई. इसिडोर कोट घालून शेवटच्या बाकाजवळ उभा राहायचा. "दुसऱ्याचं पीक माजं म्हनून देवाला दावू?" असं तो म्हणायचा. एकदा तरी पप्पांनी सूप उचलावं, एवढंच ऑलिव्हला हवं होतं. त्यासाठी मेल्या म्हटलेल्या जमिनीतून काहीतरी उगवायला हवं होतं.

संधी चालून आली ती चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात. नाबर बोलायला तिखट माणूस. रबराचा मूळ कच्चा माल, ज्याला धंद्यात गम म्हणतात, तो परदेशातून यायचा, आणि हे त्यांना खुपत होतं. "कणीक परक्याच्या घरून आणायची आणि आपण नुसत्या पोळ्या लाटायच्या, याला काय कारखाना म्हणतात?" असं ते येईल त्याला ऐकवायचे. शेवटी त्यांनी मुलुंडच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून वीस किलो माल मावणारी स्टीलची केटल, म्हणजे आत घोटणी बसवलेला बंद हंडा, उचलून आणली आणि ऑलिव्हला म्हणाले, "मिस्किटा, गम आपण इथे बनवायचा. तू बनवायचास."

ती तोवर लॅबमध्ये मालाची तपासणी करायची. केटलवर बाई ही गोष्ट वसाहतीत कुणी पाहिली नव्हती. ऑलिव्हने केसांना रुमाल बांधला, बूट चढवले आणि खाली उतरली.

तिच्या हाताखाली सहदेव परब होता, मालवणकडचा, वयाने तिच्याहून बराच मोठा, हाडापेराने दणकट आणि मनाने लोण्यासारखा. तो तिला बाय म्हणायचा. सहदेवचं एक ठाम मत होतं: देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय जगात काही सुरू करू नये. पहिली बॅच लावायच्या दिवशी त्याने केटलसमोर अगरबत्ती लावली, पॅकिंगच्या मुलांना ओळीने उभं केलं आणि आपल्या भसाड्या आवाजात सुरू झाला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या केटलीत जा काय शिजतला, ता दाट होऊ दे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मुलं ओरडली.

"परदेशी मालाचा त्वांड काळा होऊ दे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

नाबरांनीही हात जोडले. ऑलिव्ह हसली आणि पोटॅश तोलायला लॅबमध्ये गेली.

केटलीत काय शिजणार होतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावर आहे. ऑलिव्हने ते सहदेवला असं समजावलं होतं. अंगणात पोरांची लहान लहान रिंगणं आहेत, हात धरून गोल फिरणारी. ड्रममधून येणारं ते पाण्यासारखं पातळ द्रव्य म्हणजे ही रिंगणं: सिलिकॉन, ऑक्सिजन, सिलिकॉन, ऑक्सिजन, एकमेकांचे हात धरून. ती गरम करायची आणि त्यात पोटॅशची चिमूट सोडायची. पोटॅश म्हणजे वर्गातलं द्वाड पोर. ते एका रिंगणात घुसतं आणि हात सोडवतं. रिंगण मोडतं, एक हात मोकळा राहतो, आणि तो मोकळा हात गप्प बसत नाही. तो शेजारचं रिंगण धरतो, मोडतो, आपल्याला जोडून घेतो, मग त्याच्या पलीकडचं. अशी साखळी वाढत जाते. साखळी जितकी लांब तितका माल दाट. आधी तेल, मग काकवी, आणि सगळं जमून आलं तर शेवटी मऊ, पारदर्शक गोळा. तो गम.

"आणि मध्येच पाणी आलं तर?" सहदेवने तेव्हा विचारलं असतं तर सगळ्यांचा जीव वाचला असता. त्याने विचारलं नाही आणि ऑलिव्हलाही सांगायचं सुचलं नाही. चुली पेटवणाऱ्याला कुणी सांगतं का, की लाकडं ओली नकोत?

पहिली बॅच तासन्‌तास घोटली. घोटणी गरगर फिरत राहिली. द्रव्य तेलासारखं झालं, काकवीसारखं झालं आणि तिथेच अडून बसलं. वरचं झाकण उघडलं तर रंगही थोडा पिवळट, आणि आतून गोडसर, करपट असा वास. शेजारी गोळ्या-बिस्किटांचा कारखाना होता; पाक उकळला की सगळ्या गल्लीत वास भरायचा. ऑलिव्हने त्या वासाकडे लक्ष दिलं नाही.

नाबर काकवीकडे पाहून म्हणाले, "कुकरला हे फासायचं का?" आणि वर गेले.

पुढचे दिवस ऑलिव्हने पवईच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लायब्ररीत घालवले. तिथल्या एका प्राध्यापकांनी तिची सगळी हकिगत नीट ऐकून घेतली आणि शेवटी एकच शब्द उच्चारला: ओलावा. पाण्याचा कण साखळीच्या मोकळ्या हाताला जाऊन बिलगतो. साखळी तिथेच थांबते, आणि दुसरीकडे नवी सुरू होते. एका लांबलचक साखळीऐवजी शंभर आखूड. वीस किलोंच्या बॅचला चमचाभर पाणी पुरतं. बाहेर पावसाळा चालू होता, भिंतींना ओल होती, चपलांना बुरशी येत होती. ऑलिव्हला वाटलं, सापडला चोर.

ती परत आली आणि ओलाव्यामागे हात धुऊन लागली. ड्रम आत हलवला. पोटॅशची नवी बाटली मागवली. केटल रिकामी तापवून आतून खडखडीत वाळवली, कोरडा नायट्रोजन फिरवला, नळ्यांचे सांधे पुन्हा आवळले. सहदेवने तिच्या बरोबरीने घाम गाळला. घरी आल्यावर ती जेवताना बोटाने ताटात रिंगणं काढत बसायची. इसिडोर तिच्याकडे बघायचा. एकदाच म्हणाला, "पावसाला दोष देऊ नको. शेतकऱ्याला पाऊस कमी पडतो नायतर जास्त पडतो, बरोबर कवाच पडत नाय."

सप्टेंबरात बांद्र्याची जत्रा आली. ल्युसी तिथल्या डोंगरावरच्या मोत माउलीला मेणबत्ती लावून आली आणि येताना पवित्र पाण्याची छोटी बाटली घेऊन आली. "तुजे त्या भट्टीला लाव," ती लेकीला म्हणाली. ऑलिव्हला लाज वाटली. बी.एस्सी. झालेली पोरगी, पवईच्या लायब्ररीत बसून आलेली, आणि केटलीला तीर्थ शिंपडणार! पण आईने उन्हात रांग लावून आणलेलं पाणी टाकूनही देववेना. तिने बाटली पर्समध्ये टाकली आणि दुसऱ्या दिवशी सहदेवच्या हातात दिली. "आईने दिलंय. केटलला लाव जरा."

सहदेवचा चेहरा उजळला. तो नुकताच गणपती करून गावाहून आला होता आणि त्यानेही येताना आपल्या आगरातला एक नारळ आणला होता, देवासमोर ठेवून. दोन्हीकडचे देव एका जागी आले, आता काय बिशाद आहे गमाची न होण्याची!

दुसरी बॅच लागली. गाऱ्हाणं या वेळी जास्त लांबलं. मोत माउलीचंही नाव त्यात आलं. ऑलिव्ह पोटॅश तोलून आली, झाकण लागलं, घोटणी फिरू लागली. संध्याकाळपर्यंत माल पहिल्या बॅचइतकाही दाटला नाही.

नाबर या वेळी टोमणा मारायलाही थांबले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "मिस्किटा, ड्रममध्ये अजून एका बॅचचा माल आहे. तो संपला की केटल विकतो. तू लॅबमध्ये होतीस ती चांगली होतीस." त्यांचं तिखट बोलणं परवडलं असतं.

ऑलिव्ह केटलजवळ उभी राहिली. रडायचं नाही असं तिने ठरवलं, त्यामुळे नाक लाल झालं. त्या बिघडलेल्या काकवीवर वाकून तिने दीर्घ श्वास घेतला. पुन्हा तोच गोडसर, करपट वास. आणि एकदम तिचं डोकं ताळ्यावर आलं. गोळ्या-बिस्किटांचा कारखाना बॉयलरच्या दुरुस्तीसाठी आठवडाभर बंद होता. गल्लीत कसलाच वास नव्हता. मग हा कुठला?

तिने पुन्हा हुंगलं. पाक नव्हे. नारळाची वडी करताना कढईच्या बुडाला लागली की येतो, तो वास.

"सहदेव," तिने हाक मारली. "नारळ कुठे फोडलास?"

"हयच की," सहदेव म्हणाला.

"हयच म्हणजे?"

"केटलीच्या तोंडार. देवाचो नारळ भुंयेर कसो फोडूचो?"

"आणि पाणी?"

सहदेवला प्रश्नच कळला नाही. "पाणी पोटात," तो म्हणाला. "शिजता हा त्याका घोटभर देऊक नको? पयल्या टायमाक नुसतो नारळ होतो. ह्या टायमाक तुमच्या आवशीचा पाणी पण घातलंय. आख्खी बाटली." आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत तो जरा घाबरून म्हणाला, "कमी पडला काय, बाय?"

ऑलिव्ह ड्रमवर बसली. बाहेरच्या आभाळाला, भिंतींना, पोटॅशला, सांध्यांना ती महिनाभर दोष देत होती. ती केटल वाळवत होती आणि तिची पाठ वळली की हा भक्त तिला पाणी पाजत होता. बॅच बिघडली म्हणून त्याने जास्त पाजलं, आणि जास्त पाजलं म्हणून ती जास्त बिघडली. तिला संताप आला. तोंड उघडून ती त्याच्यावर तुटून पडणार, तेवढ्यात तिला आठवलं की बाटली आपणच दिली होती. 'लाव जरा' म्हणून. मग तिला हसू आलं, आणि ते आवरेना. सहदेव बिचारा बघतच राहिला.

तिने त्याला सगळं सांगितलं. रिंगणं, मोकळा हात, त्या हाताला येऊन बिलगणारं पाणी. ऐकता ऐकता सहदेवचा चेहरा उतरत गेला. "म्हंजे मियांच वाट लावलंय," तो म्हणाला. डोळे पुसायला त्याने पाठ फिरवली.

"आपण दोघांनी लावली," ऑलिव्ह म्हणाली. "निम्मं पाणी माझ्या आईचं होतं."

ती लगेच वर नाबरांकडे गेली आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं, स्वतःच्या बाटलीसकट. नाबर आधी लाल झाले, मग गाऱ्हाण्याच्या वेळी आपणही हात जोडून तिथेच उभे होतो हे त्यांनाही आठवलं असावं. "शेवटची बॅच," ते म्हणाले. "दसरा झाला की लाव. आणि नारळ माझ्या केबिनमध्ये ठेवा."

दसऱ्याला केटलला झेंडूची माळ घातली, ती बाहेरून आणि कोरडी. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑलिव्हने केटल तापवून वाळवली, नायट्रोजन फिरवला, ड्रम रिकामा केला आणि स्वतःच्या हाताने झाकण आवळलं. पोटॅश तिने आधीच तोलून ठेवलं होतं. या वेळी ती केटलपासून हलली नाही. सहदेव दाराबाहेर उंबऱ्यापलीकडे उभा राहिला आणि तिथूनच गाऱ्हाणं घातलं. त्याच्या देवाला तिथूनही ऐकू येतं, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

पोटॅश आत गेलं. घोटणी फिरू लागली. तेल झालं, काकवी झाली. इथेच दोनदा गाडं अडलं होतं, म्हणून सगळ्यांचे डोळे केटलीवर होते. पॅकिंगची मुलंसुद्धा येऊन उभी राहिली. आणि मग मोटरचा आवाज बदलला. आधी गुणगुणत होती ती कण्हायला लागली. केटलच्या काचेतून ऑलिव्हने आत पाहिलं. माल घोटणीभोवती गोळा होत होता आणि दांड्यावरून वर वर चढत होता, जसं काही त्याला आता बाहेरच यायचं होतं.

"बाय, मोटर जळतली!" सहदेव ओरडला.

"जळू नाही देत," ऑलिव्ह म्हणाली. तिने मोजून ठेवलेले आम्लाचे थेंब आत सोडले. ते वेळेवर सोडले नाहीत तर तेच द्वाड पोटॅश जमलेली साखळी पुन्हा कुरतडायला लागतं आणि रिंगणं पुन्हा मोकळी होतात. दिलेलं काम झालं की द्वाड पोराला गप्प बसवावं लागतं. मग पंप लावून उरलीसुरली रिंगणं खेचून काढली. केटल थंड झाल्यावर झाकण निघालं आणि ऑलिव्हने दोन्ही हात घालून पहिला गोळा ओढला. काचेसारखा स्वच्छ, कणकेसारखा मऊ, आणि त्याला कसलाही वास नव्हता.

नाबरांनी तो हातात घेतला, ताणला, उजेडाकडे धरला. शेवटी म्हणाले, "कणीक घरची झाली." सहदेवने केबिनमधून नारळ आणला, अंगणात ताडाच्या बुंध्याशी फोडला आणि पाणी मातीत सोडलं. ऑलिव्हने त्या दिवशी मान ताठ ठेवून कारखान्याच्या फाटकातून पाऊल बाहेर टाकलं. अभिमान वाटला तर वाटू द्यावा. दर वेळी तो लपवायचा कशाला?

घरी तिने स्टीलच्या डब्यातून एक गोळा आणला आणि इसिडोरसमोर ठेवला. त्याने आधी तो दुरूनच पाहिला. मग बोटाने दाबला. बोटाचा ठसा उमटला आणि हळूहळू भरून आला. त्याने तो हुंगला, ताणला, पुन्हा गोळा केला. खोट्या वस्तूंमध्ये जन्म गेलेल्या माणसाची पारख ती.

"ह्यात काय काय घातलास?" त्याने विचारलं.

"दिसतंय तेवढंच. पेरलं त्यापेक्षा थोडं कमीच उगवतं, पप्पा. भातासारखं शंभरपट नाही होत."

"आनि बिघडला होता तो कशान?"

"पाण्याने."

इसिडोरने मान हलवली, जणू शेजारच्या शेतकऱ्याशी बोलतोय. "पीक पान्यानंच जातं," तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "ती केटल कंच्या अंगाला हाय? ताडाच्या?"

"ताडाच्या बुंध्याशीच."

शनिवारी दुपारी इसिडोर मिस्किटा सरळ वाटेने आला. अंगात देवळाचा कोट होता. वसाहतीतल्या रस्त्यावर त्याच्या ओळखीच्या लोकांनी त्याला पाहिलं आणि बाजूला होऊन वाट दिली. फाटकात त्याने ताडावर तळहात टेकवला, क्षणभर तसाच उभा राहिला, आणि मग आत आला. ऑलिव्हने त्याला केटल दाखवली. त्याने तिच्या पोटावर हात फिरवला, बैलाच्या पाठीवर फिरवावा तसा. मग तो नाबरांकडे वळला.

"शेट," तो म्हणाला, "पयला वाटा देवळाचा असतो. तो न्यायला आलो हाय."

त्या आवाजात विनंती नव्हती, उद्धटपणाही नव्हता. हा वाटा कुणी कुणाला द्यायचा असतो, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असल्यासारखा तो बोलला. नाबरांनी एकदा ऑलिव्हकडे पाहिलं, एकदा खिडकीतून ताडाकडे. मग स्वतः उठून त्यांनी चांगला दोन मुठींएवढा गोळा कापला आणि दोन्ही हातांनी इसिडोरच्या हातात दिला.

रविवारी आगेऱ्याला बँड वाजला. जॉनी उत्तनहून लोंब्या घेऊन आला होता. ल्युसी सवयीने सुपाकडे वळली तर सूप जागेवर नव्हतं. ते इसिडोरच्या हातात होतं. त्यात त्याने केळीचं पान अंथरलं होतं, पानावर जॉनीच्या लोंब्या, आणि लोंब्यांच्या मधोमध तो गोळा. ल्युसीने डोक्यावर पदर घेतला आणि नवऱ्याच्या मागून चालू लागली.

ऑलिव्हने सहदेवलाही बोलावलं होतं. तो इस्त्रीचा सदरा घालून आला आणि शेवटच्या बाकाजवळ उभा राहिला, जिथे इतकी वर्षं इसिडोर उभा राहायचा. मिरवणूक देवळात शिरली. एकेक सूप वेदीपाशी येऊ लागलं. ऑक्टोबरच्या उन्हात गोळा हळूहळू पसरला होता आणि लोंब्यांचे दाणे त्याच्यात रुतून बसले होते, प्रत्येक दाणा स्वच्छ दिसत होता.

फादर सुपाशी थांबले. त्यांनी नीट वाकून पाहिलं. "हे काय आणलंस, इसिडोर?"

इसिडोरने सूप थोडं वर उचललं, मागच्या बाकांनाही दिसेल इतकं.

"माजे शेतानचा हाय, फादर," तो म्हणाला. "ताडाखालचा. माजे पोरीनं पिकवलाय."

देवळात कुजबुज झाली आणि थांबली. ऑलिव्हला समोरचं नीट दिसेना, तिने रुमाल काढला. फादरांनी मान डोलावली आणि पवित्र पाण्याच्या भांड्यात हात घातला.

तेवढ्यात कुणीतरी तिची बाही खेचली. सहदेव मागच्या बाकापासून घाईघाईने पुढे आला होता आणि त्याच्या डोळ्यांत खरी भीती होती. "बाय," तो कुजबुजला, "पाणी! पाणी घालतत हत!"

"पडू दे, सहदेव," ऑलिव्ह म्हणाली. "आता पडू दे."

पाणी पडलं. लोंब्या भिजल्या. गोळ्यावर पडलेले थेंब तसेच गोल उभे राहिले, आणि इसिडोरने सूप जरासं कलतं केल्यावर एकेक करून घरंगळत खाली गेले.